जाहिरात लक्षात राहते, मसाल्याचं नाव का राहत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या शहापुरात वडिलांच्या वेळेपासून तुमचं मिरची कांडप आहे. अलीकडे तुम्ही कांदा-लसूण मसाला पाकिटात भरून विकायला लागलात आणि माल खानापूर, निपाणी, चंदगड करत गोव्यापर्यंत जातोय. आता टीव्हीवर जाहिरात करायची आहे. एका एजन्सीनं मराठी मालिकेतली ओळखीची अभिनेत्री घेऊन सासू-सुनेची हळवी गोष्ट सुचवली आहे. तुम्ही विचारता की अशा ‘क्रिएटिव्ह’ जाहिरातीनं माल खरंच खपतो का, कलाकारावर एवढा पैसा घालावा का, जाहिरात मराठीत करावी की कन्नडमध्ये, आणि त्यासाठी पाकिटाचं रूप बदलावं लागेल का.

मी मुंबईत जाहिरात एजन्सीत कॉपी, म्हणजे जाहिरातीतला मजकूर, लिहिण्यापासून सुरुवात केली आणि आता बरीच वर्षं टिळकवाडीत बसून याच भागातल्या धंद्यांसाठी काम करते. उत्तर लांबेल. त्यात माझी ठाम मतं असतील, ती सगळ्यांना पटतीलच असं नाही.

पहिलं मत सरळ सांगते: ती हळवी गोष्ट करू नका. तुम्ही पाठवलेली स्क्रिप्ट मी दोनदा वाचली. माहेरची आठवण, डबा उघडल्यावर सुनेच्या डोळ्यांत पाणी, सासूनं डोक्यावरून फिरवलेला हात, सगळं नीट बांधलंय. पण त्यातलं मसाल्याचं पाकीट उचला आणि तिथं तुपाची बरणी ठेवा, चहाचा पुडा ठेवा, लोणचं ठेवा. गोष्टीला कुठंच धक्का लागत नाही. माल बदलला तरी जी जाहिरात तशीच्या तशी उभी राहते ती तुमची जाहिरात नव्हे, तिचा खर्च फक्त तुमचा. बघणारी बाई शेजारणीला सांगेल, ‘काय गोड होती गं ती जाहिरात, ती मालिकेतली नाही का, ती होती त्यात.’ कसली जाहिरात म्हणून विचारलं तर म्हणेल, ‘कुठल्या तरी मसाल्याची.’ या ‘कुठल्या तरी’साठी तुम्ही लाखो रुपये घालणार आहात.

याच्या उलट फेविकॉल बघा. २००२ ची ती बसची जाहिरात आठवत असेल. वाळवंटातल्या रस्त्यावरून खच्चून भरलेली बस चाललीय, टपावर माणसं, मागं माणसं, दारात लोंबकळणारी माणसं, गचके बसताहेत पण एकही पडत नाही. बस पुढं निघून जाते तेव्हा तिच्या पाठीवर फेविकॉलचा फलक दिसतो. ओगिल्वी या एजन्सीत पियूष पांडे आणि दिग्दर्शनात प्रसून पांडे, या भावांनी केलेलं हे काम. त्यात दावा नाही, किंमत नाही, समजावून सांगणं नाही. तरी ती जाहिरात दुसऱ्या कुठल्याही मालाला लावता येत नाही, कारण चिकटणं काढलं तर बघायला काही उरतच नाही. खानावळीतल्या आचाऱ्याला अंडं फुटत नाही आणि शेवटी कळतं की कोंबडी फेविकॉलच्या डब्यातून खातेय, त्या जाहिरातीचंही तसंच. कल्पना मालाच्या गुणातून निघाली की नाव आपोआप तिच्या पोटात येतं. मी याला क्रिएटिव्ह म्हणते. बाकीचं पुष्कळ काही सुंदर असतं, पण ते करमणुकीच्या खात्यात जातं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. १९५९ पासून फेविकॉल सुतारांच्या हातात होतं. कंपनीची माणसं थेट सुतारांकडं जात होती, डिंक आणि सरस यांच्या जागी हे वापरून बघा म्हणून सांगत होती. टीव्हीनं नंतर जे केलं ते सुतारांमधलं नाव घराघरात नेण्याचं. टीव्ही नाव मोठं करतो, नसलेलं नाव उभं करत नाही. तुमच्या मसाल्याचं नाव गणपत गल्लीतल्या किराणा दुकानदाराच्या तोंडी आहे का, हे जाहिरातीआधी तपासा. गिऱ्हाईक तुमच्या नावानं मागतं, की ‘तो शहापूरवाल्यांचा द्या’ म्हणतं? दुसरं उत्तर आलं तर जाहिरातीचं निम्मं काम तिथंच ठरलं: नाव बसवायचं.

नाव बसवण्याच्या बाबतीत आपल्या पिढीनं दूरदर्शनवर दोन धडे पाहिलेत. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू केला. टीव्हीवर आला तेव्हा त्याच्या गाण्यात नाव इतक्या वेळा येई की लहान मुलंसुद्धा खेळताना म्हणत. जाहिरातीत अवघड काही नव्हतं: पांढरा फ्रॉक, गिरकी घेणारी मुलगी, चार बायकांची नावं. त्या स्वस्त पावडरीनं सर्फ विकणाऱ्या मोठ्या कंपनीच्या तोंडचं पाणी पळवलं. त्यावर सर्फनं उत्तर म्हणून ललिताजी आणल्या. सर्फची एजन्सी लिंटास, तिथं ॲलिक पदमसी होते आणि भूमिकेत कविता चौधरी. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो, एवढं एकच म्हणणं ती बाई भाजीवाल्याशी घासाघीस करत ठणकावून सांगायची. एका जाहिरातीत नुसतं नाव, दुसरीत नुसता युक्तिवाद, आणि दोन्ही चालल्या. दोन्हींत पावडर मधोमध होती आणि वर्षानुवर्षं तेच तेच सांगितलं गेलं.

मसाल्याच्या धंद्यातलंच उदाहरण हवं तर एमडीएच. सियालकोटहून फाळणीनंतर दिल्लीत आलेले महाशय धरमपाल गुलाटी स्वतःच पगडी घालून पडद्यावर यायचे. २०२० मध्ये ते वारले तोवर त्या जाहिराती फारशा बदलल्या नाहीत. मुंबईच्या एजन्सीत असताना त्या जाहिरातींना नाकं मुरडणारी खूप माणसं मी पाहिली. मला त्या तेव्हाही आवडत आणि आजही आवडतात. तोच चेहरा, तीच धून, शेवटी तेच नाव. बघणाऱ्याला तिसऱ्या सेकंदाला कळायचं की हे कोण. पुष्कळ बक्षीसपात्र जाहिरातींना तिसाव्या सेकंदापर्यंत हे साधत नाही.

आता आपल्या भागाकडं येते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं अवघडपण इथं आहे. आपल्याकडचा माल नावाजलेला असतो आणि नाव दुसऱ्याचं किंवा कुणाचंच नसतं. कोल्हापुरी चपलेचं घ्या. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणीत आणि निपाणीत पिढ्यान्‌पिढ्या चपला बनताहेत, पण जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडानं तशाच चपला आणल्या आणि गदारोळ झाला तेव्हाही सगळ्यांच्या तोंडी कोल्हापूर होतं, अथणी फार थोड्यांच्या. बेळगावचा कुंदा बघा. गावाचं नाव सगळीकडं पोचलंय, पण पुण्याचा पाहुणा ‘कुंदा आण’ म्हणतो, अमक्याचा आण म्हणत नाही, म्हणून स्टँडवरचा कुठलाही डबा चालून जातो. आणि तिसरीकडं वेगा हेल्मेट. देशभर डोक्यावर दिसतं, पण ते बेळगावातून येतं हे इथल्याही कित्येकांना ठाऊक नसतं. त्यांनी गावाचं नाव न वापरता स्वतःचं नाव केलं.

तुमच्या मसाल्यात संकेश्वरी मिरची आहे आणि ब्याडगी आहे. संकेश्वर आपल्या हुक्केरी तालुक्यात, आणि त्या मिरचीचं नाव मुंबई-पुण्याच्या बाजारात मिरची घेणारी प्रत्येक बाई ओळखते. तुम्ही विचारलंत की ब्रँडचं नावच ‘संकेश्वरी’ ठेवावं का. ठेवू नका. मालाचं मूळ ठिकाण सांगणारं नाव १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली एकट्याच्या मालकीचं करून घेणं फार अवघड असतं, आणि नोंदणी मिळाली नाही तर उद्या शेजारचा कांडपवालाही त्याच नावानं पाकीट काढेल. तुमची जाहिरात त्यालाही फुकट मिळेल. संकेश्वर आणि ब्याडगी ही नावं जाहिरातीत वापरा, पाकिटावर घटक म्हणून छापा, पण ब्रँडचं नाव स्वतंत्र असू द्या. तुमचं सध्याचं नाव बरं आहे: तीन अक्षरी, दोन्ही भाषांत सारखंच उच्चारलं जाणारं. त्याची नोंदणी मसाल्यांच्या म्हणजे ३० व्या वर्गात करा. एकट्या मालकाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला साडेचार हजार रुपये आहे, नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढं वाढवता येते. धंदा कर्नाटकात म्हणून आपला अर्ज चेन्नई कार्यालयाकडं जातो, मुंबईकडं जात नाही. कोल्हापूरच्या सल्लागाराकडून काम करून घेणार असाल तर त्याला हे आधीच सांगा.

इथं एक आडवळण घेते, कारण ते आपल्या गावचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान घातलं आणि पुढं लोखंडी नांगर केले. शेतकऱ्यांची समजूत होती की लोखंडानं जमीन नासते. सुरुवातीचे नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यावी, त्याच्याशी बोलत राहावं, यासाठी. पुढं त्याचं नावाजलेलं मासिक झालं. मला यातलं एवढंच घ्यायचंय की त्यांनी गिऱ्हाइकाच्या मनातली नेमकी शंका ओळखली आणि तिच्याशी बोलले. तुमच्या गिऱ्हाइकाच्या मनात काय शंका आहे? मी इथल्या बायकांशी बोलते तेव्हा एकच ऐकू येतं: ‘पाकिटातला मसाला रंगाला लाल, पण तिखट नाही, नाहीतर नुसता तिखट आणि रस्सा फिका.’ घरी वर्षाचं तिखट करणाऱ्या बाईला हे बरोबर कळतं. ती ब्याडगी रंगाला घेते आणि संकेश्वरी झणक्याला. तुम्ही तेच करता. मग जाहिरात याच्यावर का नाही?

मी असती तर अशी केली असती. एका घरात दोन जावा. थोरली शांत, तोंडातून शब्द निघत नाही, पण लाल काठाची शहापुरी साडी अशी की घरात आली की सगळ्यांची नजर तिच्याकडं. धाकटी सडपातळ, जिभेची तिखट, बोलली की दीर ठसकतो. पहिल्या पाच सेकंदांत सासू स्वयंपाकघरातून हाक मारते, आणि हाक मारते ती तुमच्या पाकिटाच्या नावानं: ‘अगं, तो अमका कुठं ठेवलास?’ धाकटी तोडून उत्तर देते, थोरली नुसतं पाकीट पुढं करते. मग चार-पाच सेकंद मसाला तेलात पडतो: आधी रंग चढतो, तेव्हा कॅमेरा थोरलीवर, मग ठसका उठतो, तेव्हा कॅमेरा धाकटीवर. जेवायला बसलेला सासरा पहिला घास घेतो, डोळे मोठे, कपाळावर घाम, आणि पुन्हा वाटी पुढं करतो. सासू म्हणते, ‘घरात दोघी लागतात.’ पाकीट, नाव, खाली ‘रंग ब्याडगीचा, झणका संकेश्वरीचा’. संपलं.

बघा, यातून मसाला काढून तुपाची बरणी ठेवता येत नाही. दोन मिरच्यांचं मिश्रण हीच गोष्ट आहे. नाव पहिल्या पाच सेकंदांत ऐकू येतं, मधे पाकीट हातात दिसतं, शेवटी पुन्हा येतं. आणि एकदा ही दोन माणसं लोकांना माहीत झाली की पुढची पाच वर्षं त्यांच्याच नव्या नव्या कुरबुरी दाखवता येतात; दर वर्षी नवी कल्पना शोधत बसायला नको. छोट्या धंद्याला हा फार मोठा फायदा आहे. दर दिवाळीला नवा चेहरा, नवं गाणं, नवा रंग करणारे धंदे मी पाहिलेत. लोकांच्या डोक्यात त्यांचं काहीच साचत नाही.

तीस सेकंदांचं गणित सांभाळा. तीस सेकंदांत मराठीतले साठ-पासष्ट शब्द आरामात बसतात, त्यापेक्षा जास्त घातले की बोलणारा धावायला लागतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये शंभराच्या वर आहेत. शब्द कापा. आणि हे लक्षात घ्या की आपल्याकडं जाहिरात बघितली कमी आणि ऐकली जास्त जाते. मालिकेत ब्रेक लागला की बाई उठून कुकर बघायला जाते, पोरं मोबाईल काढतात, टीव्ही बोलत राहतो. म्हणून तयार जाहिरातीची परीक्षा अशी घ्या: टीव्हीकडं पाठ करून ऐका, नाव आणि माल कळतो का? मग आवाज बंद करून बघा, तरी कळतो का? दोन्हीत पास झाली तर दुसऱ्या दिवशी ओळखीतल्या दहा जणांना विचारा, काल कशाची जाहिरात पाहिली. गोष्ट सांगितली आणि नाव नाही सांगितलं तर पुन्हा एडिटिंगला बसा. विकोच्या पेंढारकरांना हे फार पूर्वी कळलं होतं. त्यांची धून सिनेमागृहात लागली की लोक खुर्चीत बसायच्या आधीच नाव ओळखायचे.

आता भाषा. एजन्सी म्हणते मराठीत शूट करा, मग कन्नडमध्ये डब करू. तसं करू नका. हिंदीतून मराठीत डब केलेल्या मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती आपण रोज सोसतो: ओठ एक बोलतात, कानावर दुसरं येतं, आणि वाक्याची ठेवण अशी की आपल्या घरात कुणी तसं बोलत नाही. आपल्यावर जे होतं ते कन्नड घरावर आपण का करावं? गोकाक, बैलहोंगल, रामदुर्गाकडं माल न्यायचा असेल तर तिथल्या बाईला वाटलं पाहिजे की ही जाहिरात तिच्यासाठी केलीय. आणि आपल्याला ते स्वस्तात जमण्यासारखं आहे. बेळगावात दोन्ही भाषा अस्खलित बोलणारे हौशी नाटकवाले कलाकार पुष्कळ आहेत. असे कलाकार घ्या, एकाच सेटवर, एकाच दिवशी, प्रत्येक संवादाचे शॉट आधी मराठीत आणि लगेच कन्नडमध्ये घ्या. फोडणीचे, हातांचे, पाकिटाचे शॉट दोन्हीत तेच चालतात. खर्च थोडाच वाढतो. कन्नड संवाद मात्र कन्नडमध्ये विचार करणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, आणि तोही बेंगळुरूचा नको, धारवाड-बेळगावकडचा हवा. मराठीचंही तेच. पुण्याच्या स्टुडिओतला गुळगुळीत आवाज आपल्या सासूला शोभत नाही. आपल्याकडची सासू ‘घालून बघ की’ म्हणते. ते तसंच राहू द्या. हा मसाला इथल्या घरातला आहे, हे लोकांना त्या एका हेलावरून कळतं.

पाट्यांचा आणि पाकिटांचा नियमही इथंच सांगते, कारण तो डिझाइनमध्ये घुसतो. भाषेच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या फलकावर साठ टक्के भाग कन्नड असावा लागतो आणि तो वरच्या बाजूला. राज्यात बनणाऱ्या मालावर नाव आणि माहिती कन्नडमध्येही छापण्याचा आदेश २०२५ मध्ये आला. आपल्या मराठी माणसाला यात काय वाटतं ते मला सांगायला नको. मलाही वाटतं, आणि ते मांडायची जागा वेगळी आहे. धंद्यापुरतं बोलायचं तर यावर डिझाइनमधून मार्ग निघतो. तुमच्या नावाला एक चिन्ह द्या, जे अक्षराशिवाय ओळखू येईल: दोन मिरच्या एकमेकींत गुंतलेल्या, एक लांब सुरकुतलेली ब्याडगी आणि एक सरळ संकेश्वरी. ते चिन्ह आणि एकच ठरलेला रंग फलकावर, पाकिटावर, टेम्पोवर, टीव्हीवर सारखा ठेवा. मग वर कन्नड आणि खाली मराठी असलं तरी माणूस लांबून ओळखतो. नाव दोन्ही लिपींत एकाच वळणाचं काढून घ्या. देवनागरी बाकदार आणि कन्नड कॉम्प्युटरमधला कुठला तरी फुकट फॉन्ट, असं झालं की पाकीट दोन कंपन्यांचं दिसतं. सुलेखन करणाऱ्या माणसाला याचे वेगळे पैसे द्या. ते वाया जात नाहीत.

पाकिटाचा रंग बदला, हे मात्र मी आग्रहानं सांगेन. सध्या लाल पाकिटावर पिवळी अक्षरं आहेत. बाजारातले बहुतेक तिखटाचे पुडे लाल, त्यामुळं दुकानाच्या फळीवर तुमचा ओळखू येत नाही. टीव्हीवर त्याहून वाईट. प्रक्षेपणात रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी तपशिलानं जाते, आणि भडक लाल सगळ्यात जास्त पसरतो. जुन्या सेट टॉप बॉक्सवर, लहान पडद्यावर लाल पाकिटाची कड फुटते आणि पिवळं अक्षर त्यात विरघळतं. शेवटी पाकीट दाखवणारा पॅक शॉट तीन सेकंदांचा, त्यात नाव वाचता आलं नाही तर काय उपयोग? गडद हिरवं किंवा पांढरं पाकीट घ्या, त्यावर लाल फक्त मिरच्यांचा. शूटिंगच्या दिवशी मोठ्या मॉनिटरवर सगळं झकास दिसतं. तुम्ही ती क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन एखाद्या चहाच्या गाड्यावरच्या जुन्या टीव्हीला लावून बघा.

फोडणीचा शॉट घेताना कॅमेरामनला घाई करू देऊ नका. मसाला तेलात पडल्यावर रंग सुटतो तो काही सेकंदांचाच खेळ असतो, तेल जास्त तापलं की तो काळपट होतो आणि मग स्टुडिओत कितीही रंग चढवला तरी खोटा दिसतो. प्रत्येक टेकला नवं तेल, नवी कढई, आणि कांडपावरचाच एक माणूस आच सांभाळायला हवा. पडद्यावर जो रंग दिसेल तोच बाईच्या कढईत आला पाहिजे, नाहीतर पुढचं पाकीट ती घेणार नाही.

अभिनेत्रीबद्दल. ओळखीच्या चेहऱ्याला माझा सरसकट विरोध नाही. २००३ मध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याचं प्रकरण झालं तेव्हा कंपनीनं अमिताभ बच्चनना आणलं, आणि ते बरोबर होतं. पण नुसतं त्यांना आणून भागवलं नाही. वेष्टन बदललं, आतला कागद जास्त बंदिस्त केला, आणि बदललेलं काय ते लोकांना सांगायला विश्वासाचा चेहरा घेतला. सांगण्यासारखं काही असेल आणि कुणी विश्वास ठेवत नसेल, तेव्हा मोठा चेहरा कामाचा. तुमच्यावर अविश्वास कुणाचाच नाही, तुमचं नाव माहीत नाही एवढंच. तिथं मोठा चेहरा नावाला झाकून टाकतो. शिवाय मालिका संपली की ती अभिनेत्री दुसऱ्या मालिकेत जाते, कदाचित दुसऱ्या मसाल्याकडं. तुमच्या दोन जावा तुमच्याच राहतील. ते पैसे दाखवण्यावर घाला.

दाखवण्याचा हिशेब असा धरा: एकूण रकमेचा फार तर चौथा भाग जाहिरात बनवायला, बाकी सगळी लोकांपर्यंत न्यायला. आपल्याकडं नेमकं उलट होतं. शूटिंगला ड्रोन, क्रेन, मुंबईचा कॅमेरा, आणि मग चॅनेलवर आठवडाभर दाखवून पैसे संपतात. आठवडाभरात काही बसत नाही.

कुठं दाखवायची याबद्दल एक गोष्ट एजन्सी सांगणार नाही. मोठ्या मराठी वाहिनीवरची जाहिरात आपल्या घरात दिसते खरी, पण प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कच्या हिशेबात बाजार राज्यांनुसार धरले जातात. बेळगावची मराठी घरं कर्नाटकाच्या खात्यात पडतात आणि मराठी वाहिन्यांचा भाव महाराष्ट्र-गोव्याच्या आकड्यांवर ठरतो. म्हणजे तुम्ही नागपूर, औरंगाबादच्या प्रेक्षकाचे पैसे मोजणार, जिथं तुमचं एकही पाकीट पोचत नाही. माल कोल्हापूर, सांगली, पुण्यापर्यंत नियमित जायला लागला की तिकडं वळा. तोवर लोकल केबल चॅनेल घ्या. तिथं पडद्याखालून सरकणारी पट्टी नको, पूर्ण स्पॉट घ्या, आणि बातम्यांच्या आधीची जागा मागा. शिवजयंतीच्या चित्ररथांचं आणि गणेश विसर्जनाचं थेट प्रक्षेपण इथली घरं तासन्‌तास बघतात. त्या दोन रात्रींची जागा आधीच धरून ठेवा. त्याच्या जोडीला यूट्यूबवर बेळगाव, खानापूर, निपाणी, गडहिंग्लज, चंदगड यांच्याभोवती परीघ आखून तीच जाहिरात मराठीत, आणि गोकाक, बैलहोंगलभोवती कन्नडमध्ये लावता येते. आता बऱ्याच घरांत यूट्यूब टीव्हीच्याच पडद्यावर बघतात, त्यामुळं तीही टीव्ही जाहिरातच समजा. दहा सेकंदांची कापलेली आवृत्ती वेगळी करून घ्या, फक्त फोडणी, ठसका, ‘घरात दोघी लागतात’ आणि नाव. तीस सेकंदांची महिनाभर चालली की पुढं दहा सेकंदांवर भागतं आणि तेवढ्याच पैशात जास्त वेळा दिसते.

स्क्रिप्टमध्ये ‘शंभर टक्के शुद्ध, घरगुती, कर्नाटकातला नंबर वन’ असं लिहिलंय, ते पूर्ण काढा. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक असे शब्द कधी वापरता येतात याच्या अटी त्यात आहेत आणि ‘घरी बनवलेले’ असा गैरसमज करून देणाऱ्या शब्दांवर बंधन आहे. कांडपावर बनलेला, लायसन असलेला माल घरगुती कसा? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्यांदा दहा लाख आणि पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. पण मला दंडापेक्षा दुसरी गोष्ट खटकते: हे शब्द प्रत्येक पुड्यावर असतात, त्यामुळं बाई ते वाचतच नाही. ब्याडगी आणि संकेश्वरी किती प्रमाणात, कांदा वाळवलेला की तळलेला, तेल कुठलं, हे लिहा. ती ते वाचते.

राहता राहिली वेळ. एजन्सीनं श्रावणापासून सुरुवात सुचवली आहे, सणासुदीचे दिवस म्हणून. कांदा-लसूण मसाल्याला श्रावण कसला? आपल्याकडची निम्मी घरं तेव्हा कांदा-लसूण शिवत नाहीत, गणपतीत तर नाहीच. उन्हाळ्यात बायका वर्षाचं तिखट करून बरण्या भरतात, तेव्हाही पाकीट कमी जातं. फेब्रुवारी ते मे तुम्ही कांडपावरच्या गिऱ्हाइकाला पाकिटाची पुडी चवीला द्या, शिवजयंतीची रात्र सोडली तर जाहिरात नको. पहिली लाट आषाढात सोडा, जेव्हा श्रावणाआधी घरोघरी मटणाचा रस्सा शिजतो. मग थांबा, विसर्जनाची रात्र तेवढी नाव बसवायला ठेवा. दुसरी लाट दसऱ्यानंतर, नवरात्र उठलं की लगेच, आणि ती संक्रांतीपर्यंत चालू ठेवा. त्या काळात उन्हाळ्यातल्या बरणीचा तळ दिसायला लागलेला असतो किंवा तिखटाचा रंग उतरलेला असतो, आणि नवी मिरची यायला अवकाश असतो. शूटिंग वैशाखात उरका. ताजी मिरची तेव्हा कांडपावर असते आणि तिचा रंग कॅमेऱ्यात नीट उतरतो. ट्रेडमार्कचा अर्ज मात्र या आठवड्यात टाका, पाकिटाचं नवं डिझाइन छापायला जाण्याआधी.